फळ्यावरची रिकामी जागा

केनवडच्या बसथांब्याजवळ एक फळा आहे. रोज सकाळी परवेज पेंटर त्यावर खडूने बातम्या लिहितो. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्याचा धंदा. फळ्याचे काम वडिलांपासून चालत आलेले. आमच्या पतसंस्थेच्या खिडकीतून फळा समोरच दिसतो.

सरपंचपदासाठी यंदा धनराज आणि गोजराबाई उभे आहेत. मागच्या आठवड्यात दोघांची जाहीर चर्चा झाली. धनराज म्हणाला, घरोघरी नळ देतो. गोजराबाईंनी विचारले, "उन्हाळ्यात विहीर आटते. मंग तुया नळाले पानी कुठून येईन?" धनराज लगेच रस्त्यांविषयी बोलू लागला.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवरच्या एका वृत्तवाहिनीने मथळा दिला: 'धनराज यांचा धडाका, गोजराबाई निरुत्तर'. चित्रफितीतून बाईंचा प्रश्नच कापलेला. त्या नुसत्या बसलेल्या दिसत होत्या.

गोजराबाई तडक थांब्यावर आल्या. "परवेज, मी मुकी हाओ काय रे? लोक इचारून राह्यले, काकू, तुमी बोलल्या काहून नाई?"

"तुमी मुक्या असत्या तर काका घरात एवढे गप कायले राह्यले असते?"

बाई हसल्या, मग म्हणाल्या, "मायं जाऊ दे. पान्याचा सवाल तेवढा गावापर्यंत गेला पायजे."

परवेजने फळ्याच्या मधोमध रेघ मारली. एकीकडे धनराजचे नळ, दुसरीकडे बाईंचा प्रश्न. नळांच्या खाली 'उत्तर' एवढाच शब्द लिहून त्याने पुढची जागा मोकळी सोडली.

दुपारी धनराजचे कार्यकर्ते पुंजाजी आले. "भाऊच्या पाट्या तूच रंगवतं, अन भाऊलेच उघडं पाडतं? पूस ते."

"खोटं काय हाये ते दाखवा, आत्ता पुसतो."

पुंजाजींनी वरपासून खालपर्यंत वाचले. "खोटं नाई. पन बरं नाई दिसत."

"मंग भाऊले सांगा, जागा राखून ठेवली हाये."

दोन दिवस ती जागा तशीच राहिली. बसची वाट पाहणाऱ्या बाया वाचायच्या आणि आपसात म्हणायच्या, "उत्तरबी आटलं वाटते."

तिसऱ्या सकाळी धनराज स्वतः आला. भोवती बरीच माणसे होती. तो म्हणाला, "लिव बाप्पा. पान्याचं अजून ठरलं नाई. आधी विहीर खोल करू, मंग नळ."

परवेजने लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले. "असंच म्हनलं ना भाऊ?"

"असंच."

गर्दीतून गोजराबाई पुढे आल्या. "आता बराबर बोलला. पन विहीर खोल कधी करशीन, तेबी सांग."

"काकू, फळा भरला आता," धनराज म्हणाला. लोक हसले, तोही हसला.

परवेजने ओले फडके उचलले आणि खालची हवामानाची बातमी पुसून दोन ओळींची जागा केली.