बाबांचा उजवा खांदा

स्नायूंची नावे मी पुस्तकाआधी बाबांच्या दंडावर शिकले, असे म्हटले तरी चालेल. सत्तरचे दशक नुकतेच लागले होते आणि मी मॅट्रिकला होते. महाल या शहराच्या जुन्या भागापलीकडे, विणकरांच्या वस्तीत आमचे घर होते. पुढच्या खोलीत खड्डामाग होता. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसत, पायांनी पावड्या दाबत आणि उजव्या हाताने वरून लोंबणारी दोरी झटक्याने ओढत. त्या झटक्यासरशी धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून सळसळत पलीकडे जाई. खोलीभर सुताच्या खळीचा आंबूस वास असे.

मी समोर बसून पाठ करी. दंडाच्या पुढे द्विशिर स्नायू, मागे त्रिशिर; एक आकुंचन पावला की दुसरा सैल पडतो. खांद्यावरचा त्रिकोणी स्नायू हात बाजूला उचलतो. स्नायूला हाडाशी बांधते ती कंडरा. बाबा माग थांबवून दंड पुढे करीत.

"याले बी नाव हाय काय वं?"

"आहे. त्रिशिर."

"चाळीस वर्स संगं राहिला, नाव नाही सांगितलं लेकाच्यानं."

त्याच वर्षी त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. सदरा चढवताना ते ओठ घट्ट मिटून घेत. धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरता भरता माय मला म्हणाली, "तू एवढी पुस्तकं वाचतं, तूच ने त्याहिले दवाखान्यात."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांभोवती पांढऱ्या कोटातले सात-आठ विद्यार्थी उभे होते. त्यांत एक मुलगी होती. तिच्या कोटाला इस्त्रीचा कोरा, उबदार वास होता. मला पुढे तिच्या जागी उभे राहायचे होते. डॉक्टरांनी बाबांचा हात हलकेच उचलून पाहिला आणि विचारले, "काम काय करता?"

बाबांनी तोंड उघडण्याआधी मी म्हणाले, "दुकानात बसतात."

बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही. घट्टे पडलेला तळहात तेवढा त्यांनी मांडीखाली सरकवला. जीभ ऐच्छिक स्नायूंची असते, ती आपल्या मर्जीवाचून हलत नाही, हे मला तेव्हाही पाठ होते.

"बसून बसून सांधा आखडलाय," डॉक्टर विद्यार्थ्यांना म्हणाले. मग बाबांकडे वळून, "हात चालता ठेवा. दारावर कप्पी टांगा, तिच्यावरून दोरी घ्या आणि ओढत जा. सकाळ-संध्याकाळ."

"हव जी," बाबा म्हणाले.

घरी मायने विचारले तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, "दोरी ओढाले सांगितली."

"आन् आतापावतो काय ओढून राहिले होते?" माय हसली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी कप्पी टांगली. दिवसभर माग आणि दोन्ही वेळा कप्पी. त्यांनी खरे सांगितले असते तर सर्वांसमोर मी खोटी ठरले असते; म्हणून ते ओढत राहिले, आणि मी कप्पीची कुरकुर ऐकत धडे गिरवत राहिले. पंधरा दिवसांनी एका दुपारी ते आमच्याकडे पाठ करून जेवायला बसले. घास डाव्या हाताने तोंडात जात होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दवाखान्यात गेले आणि खरे सांगितले. डॉक्टरांनी चष्मा काढला. "अगं, ओढून ओढूनच कंडरा सुजली होती. तिला विश्रांती हवी होती. त्याच दिवशी का नाही बोललीस?" पांढऱ्या कोटातली ती मुलगी माझ्याकडे पाहत होती. 

त्यानंतर कित्येक महिने बाबांच्या जागी माय मागाच्या खड्ड्यात बसली. बाबांचा हात हळूहळू खांद्यापर्यंत आला. त्याच्या वर कधीच गेला नाही. मी रोज तेल चोळी. बोटांखाली तो त्रिकोणी स्नायू आक्रसून पोकळ झालेला लागे. एकदा चोळता चोळता मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी मी चुकले."

त्यांनी डाव्या हाताने सदरा खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाले, "दुकान कायचं होतं, ते तं सांगून ठेव वं. कोणी पुसलं तं काय सांगू?"