वरोऱ्याच्या मेळाव्यातल्या सिडामबाई

सिडामबाई कॉमिक्स वाचताना हातात निळा बॉलपेन घेऊन बसत. चित्रात भाले घेऊन नाचणारे, हाडांच्या माळा घातलेले जंगलातले लोक दिसले, की त्या एकेकाच्या डोक्यावर बारीक अक्षरात नाव लिहीत. लालसू. डोलू. पेका. वारलू. नायक त्या सगळ्यांना एका पानात लोळवायचा, पण बाईंनी एकही माणूस बिननावाचा सोडलेला नसे.

ती पुस्तकं माझी होती. वरोऱ्यात माझं बाइंडिंगचं दुकान आणि त्यातच कॉमिक्सची लायब्ररी. ते निळं गिचमिड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भडकलो.

"बाई, पुस्तक खराब केलं तुम्ही."

"खराब तं ते छापतानाच झालं, सलीमभाऊ. मी दुरुस्त करून राह्यली," त्या म्हणाल्या. "नाव नसलं का माणूस माराले सोपा जाते."

त्या अहेरीच्याही पुढे, जंगलातल्या एका उपकेंद्रात नर्स होत्या. स्वतः गोंड. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या, उंच, आवाज खणखणीत. नव्वदच्या दशकात आम्ही काही वेड्यांनी वरोऱ्यात दर जानेवारीला कॉमिक्सवाल्यांचा मेळावा सुरू केला होता. एका शाळेचा हॉल, पुस्तकांची अदलाबदल, प्रश्नमंजूषा, चित्रं आणि शेवटी वेषभूषा स्पर्धा. नागपूर, वणी, ब्रह्मपुरीहून लोक यायचे. बाई दिवसभर एसटीत हाडं खिळखिळी करून यायच्या आणि वर्षभरासाठी दोन पिशव्या भरून पुस्तकं न्यायच्या. पोरांना लस टोचताना त्या एक पान समोर धरत. पोरगं चित्रात गुंगलं, की सुई आत. "अक्षर नाई येत त्यायले, पण चित्र सारं वाचतात," त्या सांगायच्या. "म्हणून तं भेव वाटते मले. काय काय वाचत असतीन!"

हे बोलणं मी हसण्यावारी नेलं. आम्ही सगळ्यांनीच नेलं. 'आमच्या सिडामबाई' म्हणून त्यांचं कौतुक करायचं आणि त्या काय म्हणतात ते कानाआड टाकायचं, ही आमची रीत होती. आज ती आठवली की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

एका वर्षी त्या आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आल्या. म्हातारी पहिल्यांदाच एवढ्या लांब आली होती. कपाळावर गोंदण, गळ्यात मण्यांच्या पाच-सहा माळा, लुगडं गुडघ्यापर्यंत. बाईंनी तिला पहिल्या रांगेत बसवलं, हॉलभर फिरवून सगळे स्टॉल दाखवले. "मायले दाखवतो, मी वर्षाले कुठी पळतो ते," असं मला म्हणाल्या, तेव्हा त्यांचा चेहरा शाळकरी मुलीसारखा झाला होता.

दुपारी वेषभूषा स्पर्धा सुरू झाली. चंद्रपूरच्या एका कॉलेजातली सहा मुलं मंचावर आली. एक नायक, पाठीला लाल कापड बांधलेला. बाकीचे पाच 'जंगली'. तोंडाला बूटपॉलिश, कमरेला गवत, गळ्यात प्लास्टिकची हाडं. 'हुर्र हुर्र' करत ते नाचले, माकडासारखं अंग खाजवत फिरले, नायकाच्या पाया पडले. हॉल हसून हसून लोटपोट. एवढ्यावर भागलं असतं, तर कदाचित बाईंनी दात-ओठ खाऊन सहन केलं असतं. पण त्यातल्या एकाची नजर पहिल्या रांगेतल्या म्हातारीवर पडली. तो खाली उतरला, तिच्यासमोर उकिडवा बसला, तिच्या माळांकडे बोट दाखवून 'हुर्र' म्हणाला. लोक आणखी जोरात हसले. म्हातारीला वाटलं, पोरगं काहीतरी मागतंय. ती पिशवीत हात घालून शोधू लागली.

आणि मेळाव्याच्या अध्यक्षांनी पहिलं बक्षीस जाहीर केलं. त्याच गटाला.

सिडामबाई मंचावर कधी चढल्या ते कळलंच नाही. त्यांनी त्या मुलाची मान पकडली होती आणि पदरानं त्याचं तोंड खसाखसा पुसत होत्या.

"कोणाचं सोंग घेतलं रे तू? नाव सांग त्याचं!"

"जंगली है, बाई. उसका क्या नाम?" पोरगा हसत होता.

"माझी माय तिथी बसली आहे! तिले विचार!"

"बाई, मनोरंजन आहे हे, खाली उतरा," अध्यक्ष म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सलीमभाऊ, यांना बाहेर न्या."

मी मेळाव्याच्या समितीचा सचिव होतो. मी मंचावर गेलो, बाईंचा दंड धरला आणि त्यांना बाहेर नेलं. त्यांनी झटका दिला नाही. फक्त माझ्या हाताकडे पाहिलं. मागून म्हातारी आली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात त्या पोरासाठी काढलेली मूठभर चारोळी.

आठवड्याभरानं समितीनं पत्र काढलं. कार्यक्रमात गोंधळ घातल्याबद्दल सिडामबाईंनी लेखी माफी मागावी, नाहीतर पुढल्या वर्षी प्रवेश नाही. खाली सही माझी. मला कोणी धमकावलं नव्हतं. समोर कागद आला आणि मी सही केली, इतकं सोपं होतं ते.

त्याच कागदाच्या मागे उत्तर आलं. "माफी तुमी मागा. माझी माय अहेरीच्या बाजारात चिंच विकते. तिले मराठी समजते."

बैठकीत ते वाचलं तेव्हा सगळे हसले. एकानं 'हुर्र' सुद्धा केलं. त्या क्षणी मात्र माझं डोकं फिरलं. मी उठून निघून आलो आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी अहेरीला गेलो.

म्हातारी गोणपाटावर चिंचेचे गोळे मांडून बसली होती. शेजारी सिडामबाई उभ्या. मी जमिनीवर बसलो, पुटपुटलो.

"मोठ्यानं बोल," बाई म्हणाल्या. "मागच्यायले आयकू नाई येऊन राह्यलं."

मागे चार-पाच बायका थांबल्या होत्या. मी मोठ्यानं बोललो. तुमची टिंगल झाली तेव्हा मी गप्प बसलो, तुमच्या मुलीला हाताला धरून बाहेर काढलं, वर तिलाच माफी मागायला लावली. मला माफ करा.

म्हातारीनं सगळं ऐकलं. मग तुटक मराठीत विचारलं, "ते लोकं आता नाई हसत?"

मला बैठक आठवली. "हसतात, माय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. सिडामबाई माझ्याकडे बघत होत्या.

"मग काऊन आला इतक्या दूर?" त्या म्हणाल्या. "इथी कोणी नाई हसत. तिथी जाऊन बोल."

मी परत आलो, बैठकीत बोललो. ते बक्षीस मागे घ्या, बाईंची माफी मागा, असा ठराव मांडला. बाजूनं एकच हात वर झाला, माझा. मी समिती सोडली. मेळावा पुढे तीन वर्षं चालला, मग बंद पडला. लोक अजून हळहळतात, काय सुंदर मेळावा होता म्हणून. मी त्यांना थांबवतो आणि ही गोष्ट सांगतो. काही जण उठून जातात.

बाईंना मी पत्र लिहून सगळं कळवलं. उत्तर आलं नाही. पुढे त्यांची सिरोंच्याकडे बदली झाल्याचं ऐकलं. त्यांचा माझ्यावरचा राग गेला नसावा. तो जावा असं मला वाटतही नाही.