रात्रीचा वाटा

माझी थोरली बहीण वालेलिया हट्टी आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. प्रशांत महासागरातल्या आमच्या टोकेलाऊच्या या बेटावर विजेसाठी डिझेलचं इंजिन मी चालवायचो. पिंपं आणणारी बोट लांबली की अख्खं गाव मलाच शिव्या घालायचं. मग देशभर डिझेल बंद करून सौर पॅनेल लावायचं ठरलं. जागा हवी होती, पण माड पाडायला कोणी तयार होईना. वालेलियानं आपली सगळी राई दिली. रडली, पण दिली.

पॅनेल लागली, बॅटऱ्या आल्या, आणि आम्ही आमच्या वळणावर गेलो. आमच्याकडे पकडलेली मासळी किनाऱ्यावर मांडून घरटी सारखे वाटे करतात आणि वाटा त्याच दिवशी संपवतात. विजेचंही आम्ही तेच केलं. ढगाळ आठवडा आला आणि रोज रात्र पडायच्या आतच बॅटऱ्यांत खडखडाट!

पंचांनी मला अडीअडचणीला ठेवलेलं जुनं इंजिन चालू करायला सांगितलं. सकाळी गेलो, तर वालेलिया इंजिनघराच्या दारातच ठाण मांडून बसलेली.

"ताई, ऊठ. पंचांचा हुकूम आहे."

"मग पंचांनाच पाठव, लुका."

आमच्यात भाऊ बहिणीचा शब्द मोडत नाही. मी तसाच उभा राहिलो. तेवढ्यात पंचांपैकी पेनिआमिनाकाका तावातावानं आले.

"गावानं अंधारात बसायचं का गं?"

"बसू की! आज इंजिन लावलं तर जपून कोण वापरेल? दर ढगाला हेच. मग माझे माड कशाला पाडले, चुलीत घालायला?"

"मग करायचं काय?"

"घरटी वाटा करता ना? आणखी एक घर धरा, रात्रीचं. रात्रीच्या वाट्याला दिवसा कोणी हात लावायचा नाही."

काका हसले. "बोलायला काय जातं? आधी स्वतःचा फ्रीजर बंद कर."

तिच्या फ्रीजरमध्ये लेकीच्या लग्नासाठी गावानं दिलेली मासळी होती.

"लुका, जा, वायर काढ," ती म्हणाली. "मासळी किनाऱ्यावर मांड. पहिला वाटा काकांचा."

"अगं, आणि लग्न?" काकांचा आवाज उतरला.

"खोबरं-भात वाढीन. पण हे इंजिन लावू देणार नाही."

मी मासळी मांडली. काका आपला वाटा न घेताच घरी गेले. थोड्या वेळानं त्यांची बायको डोक्यावर पाटी घेऊन आली. आपला फ्रीजर रिकामा करून तिनं त्यातली मासळी आमच्या मासळीशेजारी ओतली. तिच्यामागून आणखी बायका पाट्या घेऊन येत होत्या.