अक्काचे आरसे शनिवारी लागणार

अक्का मंगळवारी पहाटे गेली आणि तिचं प्रदर्शन उद्या, शनिवारी आहे.

'होतं' नाही, 'आहे'. सकाळपासून सगळे फोन करून तेच विचारताहेत, म्हणून इथे एकदाच लिहिते.

तिला न ओळखणाऱ्यांसाठी थोडं.

अक्का माझ्या नात्यातली नव्हे. मी नागपूरची, नोकरीसाठी व्हाइटफील्डला येऊन पडलेली. ती बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातली. शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेली. नवऱ्याचं इथल्याच शिवाजीनगरला काचा-आरशांचं दुकान होतं.

कोविडमध्ये नवरा गेला, दुकान बंद झालं. उरलेले आरसे तिने इंदिरानगरच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत आणून ठेवले आणि त्यांच्यावरच काम सुरू केलं.

तिची पद्धत साधी होती. तुम्ही आरशासमोर बसायचं. काचेवर मार्करने आपल्याच चेहऱ्याची रेघ काढायची. मग आरसा उलटा करून, वाईट दिवसांत आपलं जे गेलं असं वाटतं, तेवढा भाग मागून खरवडायचा. पारा निघतो, काच उघडी पडते. तिथे तुम्ही सांगाल तो रंग अक्का भरायची.

सरळ करून बघितलं की उरलेल्या पाऱ्यात तुम्ही दिसता आणि गेलेल्या जागी रंग.

मी काही आर्टच्या ओढीने गेले नव्हते. घरातला आरसा फुटला होता. 'फुटका आरसा घरात ठेवू नये' म्हणून आई फोनवरून कान खात होती, आणि सोसायटीत तो कुणी उचलेना. जुन्या ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, इंदिरानगरला एक बाई फुटके आरसे घेतात.

तेव्हा माझी नोकरी गेली होती. त्याच्या आधी लग्न मोडलं होतं.

अक्काने आधी आरशाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"स्वल्प बस ग. कॉफी घेतेस?"

एवढ्यावर मला रडू फुटलं. तिने समजूत वगैरे घातली नाही. माझं रडून झाल्यावर हातात मार्कर दिला.

त्यातही मी घोळ घातला. आरसा उलटला की बाजू बदलते हे लक्षातच राहिलं नाही. डावा डोळा खरवडायचा होता, उजवा गेला.

"सरी, बिडु," अक्का म्हणाली. जाऊ दे. "आता डाव्याने बघायला शीक."

मी इतकी हसले की शेजारचा आरसा पडता पडता वाचला. कित्येक महिन्यांनी हसले होते.

तिच्याकडे येणारे आम्ही सगळे थोड्याफार फरकाने असेच. कुणाचं माणूस गेलेलं, कुणाचा धंदा बसलेला. एकाने एकदा तिला विचारलं, "अक्का, ह्यातून होप मिळते असं तुम्हाला वाटतं?"

"ते मला काय ठाऊक? तू आज परत आलास की नाही? बस, ब्रश धू."

प्रदर्शन खरं तर मागच्याच वर्षी व्हायचं होतं. ती आजारी पडली म्हणून रद्द झालं. या वेळी तिने बजावलं होतं, "मी मेले तरी पुढे ढकलायचं नाही." आम्ही हसण्यावारी नेलं होतं.

अक्काला मूलबाळ नाही. अग्नी दिला तिच्या धाकट्या दिरांनी. खालच्या मजल्यावर राहतात, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. काल आम्ही आरसे पॅक करत होतो, तर अण्णा वर आले.

"सुतक आहे घरात. आणि तुम्ही लोकांना बोलावून फोटो काढणार? ते काय चालायचं नाही. रद्द करा."

हॉल पुन्हा वर्षभर मिळणार नव्हता. आणि पुढच्या वर्षी आम्ही सगळे कुठे असू, कुणी सांगावं? मला राग आला. ते त्यांच्या जागी चुकीचं बोलत नव्हते, म्हणून जास्तच आला.

बोलून ते जायला वळले. दाराशी अक्काचा स्वतःचा आरसा उभा होता. दुकानातला सगळ्यात मोठा. त्याला तिने अजून हात लावला नव्हता.

अण्णा तिथेच थबकले.

क्रियाकर्मासाठी त्यांनी डोक्यावरचे केस आणि मिशी उतरवली होती. अण्णांना बिनमिशीचं आम्ही कधी बघितलं नव्हतं. त्यांनी स्वतःही बहुतेक तेव्हाच बघितलं.

"अय्यो," ते म्हणाले. "हा तर दादा."

दादा म्हणजे त्यांचा भाऊ, अक्काचा नवरा, मिशी कधीच न ठेवणारा. कोविडमध्ये त्याला हॉस्पिटलातूनच परस्पर नेलं होतं. घरच्या कुणाला शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. अण्णांना ते फार लागून राहिलंय, असं अक्का सांगायची.

अण्णा आरशासमोर उभ्या उभ्या रडले. आम्हीही रडलो.

मग त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

"शनिवारी करा. दिवा लावायचा नाही, हार नको, पेढे नको. सुतक ते सुतक. पण आरसे लावा."

तर उद्या सकाळी अकरापासून या. दीपप्रज्वलन नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. अक्काचा आरसा कोरा आहे, तो तसाच लावतोय.

आणि हो, काल जिना उतरता उतरता अण्णा परत वर आले.

"माझा आरसा तेवढा राहिला. वहिनी किती वेळा म्हणाली, मीच बसलो नाही. आता कोण करणार?"

"मी करते," मी म्हणाले. म्हणून टाकलं खरं.

तेराव्यानंतरच्या रविवारी अण्णा बसणार आहेत. मिशी वाढायच्या आत उरकायचं, असं त्यांचंच म्हणणं आहे.

अक्का, तुला आम्हा सगळ्यांचा नमस्कार.