तप्पु

"तप्पु-गिप्पु एनाद्रू माडिद्या?"

काही चूकबिक करून बसलीयेस का? कुवेंपुनगरातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. दार सताड उघडं. बाकावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. शेजारी आई. मी तेवीस वर्षांची, कापडाच्या दुकानात कामाला. मागितलं काय होतं? गर्भाशयाच्या तोंडाला कॅन्सर होऊ नये म्हणून असते ती लस.

आधी त्यांनी लग्न झालंय का विचारलं. मी नाही म्हणाले. मग हे वाक्य.

आमच्या घरात मराठी बोलतात, पण तप्पु हा कन्नड शब्द आमचाच झालाय. दूध उतू गेलं तरी तप्पु, पोरगी कुणासोबत दिसली तरी तप्पु. कानावर पडताच माझी मान आपोआप खाली गेली. "इल्ला मॅडम," मी म्हणाले. नाही. देवाशप्पथ म्हणायचंच काय ते बाकी राहिलं. त्या 'नाही'ची मला अजून किळस येते.

आमच्या आधी माझ्याच वयाची एक मुलगी आत होती. फाडफाड इंग्रजी. तीही बिनलग्नाची. तिला बाई कौतुकानं म्हणाल्या, "व्हेरी गुड, लग्नाआधी घेतलेलीच बरी." दारातून मी ऐकलं होतं. तिला लस टोचली. मला सांगितलं, "मदुवे आगली, नवऱ्याला घेऊन ये." म्हणजे आधी लग्न होऊ दे.

पणजोबा इथल्या महाराजांच्या घोडदळात होते, असं घरात सारखं ऐकवतात. त्या खुर्चीत मला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. गपचूप उठले.

बाहेर आई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "चल गं पोरी. बेडा आता ते. जन काय म्हणंल?"

बेडा. नको. माझी मावशीही असंच म्हणायची. अंगावरून जात होतं, ते तिनं लपवलं. दवाखान्यात कुणी नको ते विचारेल म्हणून. तोच कॅन्सर आहे हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटी वासामुळं तिच्या खोलीत कुणी थांबत नसे. मी थांबत होते. लोकांना आम्ही पोटाचं दुखणं सांगितलं.

"मावशी कशानं गेली, ते आत का नाही सांगितलंस?" मी आईला विचारलं. ती रडायला लागली. मीही तोंड उघडलं नव्हतं.

अजून लस मिळालेली नाही. दुसरीकडं मिळेलही. पण मला तिथंच घ्यायचीय. पुढच्या सुट्टीला एकटी जाणार आहे. दार उघडं राहू दे. मावशीचा आजार मोठ्यानं सांगेन. दुसऱ्या कशाचंही उत्तर देणार नाही. आणि सुई टोचल्याशिवाय उठणार नाही.