जयंतीपुरतं नाव

"हे आमच्याकडं जयंतीचं बघतात."

माझी ओळख अशी करून दिली गेली. दोन हजार तीनचा जुलै. कोल्हापुरातली एक व्याख्यानमाला, सभागृहाचं दार. ओळख करून देणारा अजित. माझा कॉलेजपासूनचा मित्र, आणि मी ज्या दैनिकात उपसंपादक होतो तिथला सहसंपादक. विचारणारे होते व्याख्यानमालेचे कार्यवाह. त्यांनी मान डोलावली.

"हां हां. तुमच्यातलं तुमीच बघितल्यालं बरं असतंय," ते मला म्हणाले आणि अजितला हाताला धरून आत घेऊन गेले.

व्याख्यानाचा विषय होता इराकवरून अमेरिका आणि तुर्कस्तानात आलेली तेढ, आणि तुर्की वृत्तपत्रं त्याबद्दल काय म्हणतात. वक्ता अजित. भाषण मी लिहिलेलं. तुर्की वृत्तपत्रांच्या इंग्रजी आवृत्त्या ऑफिसच्या इंटरनेटवर मी वाचत होतो. त्यानं त्यातली एकही उघडली नव्हती.

त्याला फेटा बांधला. शाल दिली. मी मागं बसून माझी वाक्यं त्याच्या आवाजात ऐकली. सुलेमानिया हे गावाचं नाव आलं तिथं तो अडखळला, पाणी प्याला, पुढं गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर कार्यवाहांनी शाल आणि नारळ माझ्या हातात दिला.

"साहेबांच्या गाडीत ठेवा जरा."

मी ठेवला.

मला राग आला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण लोकांना वाटतं, अपमान झाला की माणूस पेटतो. मी पेटलो नाही. हाताला मुंग्या येऊन तो जड होतो, आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. आणि ते त्या दिवशी झालेलं नव्हतं. फार आधीपासूनचं होतं.

एक्क्याण्णव साली आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा आमच्या दैनिकाला इंग्रजी बातम्यांचं भराभर मराठी करणारा माणूस हवा होता. अजितनं मला नेलं. तो मुरगूडकडचा, चांगल्या शेतीवाडीच्या घरातला. मी आजऱ्याजवळच्या एका बौद्धवाड्यातला. मालकांना तो म्हणाला, "ह्याचं इंग्रजी बघा आधी. बाकीचं नंतर." बाकीचं म्हणजे माझं आडनाव. त्या दिवशी मला ते वाक्य उपकारासारखं वाटलं.

परदेशाचं पान माझ्याकडं आलं. पहिला मोठा लेख छापून आला तेव्हा त्यावर अजितचं नाव होतं. मी विचारलं. तो चिडला नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हे बघ गड्या, आपला वाचक आधी आडनाव वाचतोय, मग मजकूर. तुझं आडनाव बघितलं की त्याला वाटणार, हे आता आरक्षणावर कायतरी असणार. पान उलटतोय. तुझं लिखाण वाचावं कुणीतरी, असं वाटतंय न्हवं तुला?"

वाटत होतं. म्हणून गप्प बसलो.

एप्रिलात आमच्या वस्त्यांवर निळे झेंडे लागतात, तेव्हा दैनिकाची जयंतीची पुरवणी निघायची. तिच्यात माझं नाव. ठळक, फोटोसकट. वर्षभर जगाचं लिहायचं ते दुसऱ्याच्या नावानं आणि एक दिवस आपल्या लोकांचं लिहायचं ते आपल्या नावानं. कामाची पद्धतच ती. कुणी ठरवून दिलेली नव्हती, कुणी मोडलीही नव्हती.

पुरवणी वस्तीत वाटली जायची. कॉलेजात जाणारी पोरं मला अडवून विचारायची, "दादा, वर्षात एकच लेख? बाकीच्या वक्ताला काय करतासा?"

"डेस्कवर असतोय," मी सांगायचो.

खोटं नव्हतं. पण आपल्या माणसानं फक्त आपल्यावरच लिहायचं असतं, जगाबद्दल बोलायचं ते दुसऱ्यांनी, हे ती पोरं माझ्याकडून शिकली. दरवर्षी पोरांचा एक नवा वर्ग. हे ओझं अजितचं नाही. माझं आहे.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये तुर्कस्तानच्या संसदेनं अमेरिकी फौजांना आपल्या भूमीवरून इराकमध्ये शिरायला परवानगी नाकारली. जुना दोस्त, एकाच लष्करी करारातला, आणि त्याला तोंडावर नाही म्हटलं. तिथल्या वृत्तपत्रांत दोन तट पडले. काहींना लोकांची मान ताठ राहिली असं वाटत होतं. काही धास्तावले होते, की आता मदत बुडणार, रागावलेला दोस्त उट्टं काढणार. मी दोन्ही बाजू लिहिल्या. अजितच्या नावानं छापून आल्या. त्याला शाबासकीचे फोन आले.

मग जुलैत ती बातमी आली. उत्तर इराकमध्ये, सुलेमानियाला, अमेरिकी सैनिकांनी तुर्की सैनिकांना पकडलं, डोक्यावर पिशव्या चढवल्या आणि तसंच घेऊन गेले. तुर्की वृत्तपत्रं खवळून उठली. मी रोज वाचत होतो. त्यांचं दुखणं पकडल्याचं नव्हतंच. पकडतात माणसं. दुखणं पिशवीचं होतं, आणि ती दोस्तानं घातल्याचं.

त्याच वृत्तपत्रांत त्यांच्या स्वतःच्या देशातल्या कुर्दांच्या, म्हणजे तिथल्या दबलेल्या अल्पसंख्याकांच्या, अपमानाबद्दल फार कमी असायचं. ते मला दिसत होतं. तरी प्रत्येक लेखातून मी ते वगळत आलो होतो. जागा नाही, असं स्वतःला सांगून.

व्याख्यानाला माझी बायको सुनंदा आली होती. ती दवाखान्यात नर्स. बायकांच्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर तिनं कुकर लावला आणि माझ्याकडं पाठ करून बोलायला लागली.

"भाषण चांगलं लिवलासा."

"तुला कुणी सांगितलं मी लिहिलंय?"

"सांगाय कशाला पायजे. 'तथापि' म्हणताना जीभ वळत न्हवती त्यांची."

मी हसलो. ती हसली नाही.

"त्या पिशव्या घातलेल्या शिपायांनी पुढं काय केलं?"

"काय करणार? सोडल्यावर गेले परत."

"आणि तिथल्या पेपरवाल्यांनी?"

"लिहिलं. चांगलं खरमरीत लिहिलं."

"कुणाच्या नावानं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्या लेखांवरची नावं डोळ्यांसमोर आली. नावाशेजारी छोटे फोटो. टक्कल पडलेले, मिशीवाले, चष्मेवाल्या बाया.

"त्यांच्या," मी म्हणालो.

कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बारीक केला.

दुसऱ्या दिवशी मी रविवारच्या अंकासाठी लेख लिहिला. तुर्की वृत्तपत्रं आणि दुखावलेली दोस्ती. कुर्दांचा परिच्छेद यावेळी ठेवला. वर माझं नाव टाकलं, आडनावासकट. पान लावणारा ऑपरेटर चांगला मुलगा. तो उठून माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमचं नाव चुकून पडलंय ह्याच्यावर. काढू?"

"राहू दे," मी म्हणालो.

थोड्या वेळानं अजितनं केबिनमध्ये बोलावलं. लेखाची प्रिंट त्याच्यासमोर होती.

"जयंती झाली की एप्रिलात," तो हसत म्हणाला. "आता कसली?"

"अजित," मी म्हणालो. ऑफिसात मी त्याला साहेब म्हणत होतो, बारा वर्षं. त्यानं मान वर केली. "लेख माझ्या नावानं छाप. नाहीतर परत दे. आणि पुढच्या एप्रिलची पुरवणी मी करणार नाही."

"आरं, तुला हितं आणलं कुणी?"

"तू."

"मग? मालकांना काय सांगू मी? येवढं तुझं बघितलं, मैतर म्हणून."

"मित्र म्हणूनच ओळख करून द्यायची होतीस की, सभागृहाच्या दारात."

त्यानं प्रिंटवरच्या माझ्या नावावर बोट ठेवलं. मला वाटलं, त्याला कळलं. मग तो म्हणाला, "कार्यवाह जुन्या वळणाचा माणूस हाय. त्याला पटंल असं बोलावं लागतंय."

त्याला खरंच तसं वाटत होतं. ते बघितल्यावर माझं बोलणं संपलं. मी प्रिंट उचलली आणि बाहेर आलो.

लेख छापला गेला नाही. त्या जागी साड्यांच्या सेलची जाहिरात आली. पुढच्या आठवड्यात मला परदेशाच्या पानावरून काढून गुळाचे आणि भाजीपाल्याचे भाव लिहायला बसवलं. ते मी थोडे दिवस केलं. मग राजीनामा दिला. घर सुनंदाच्या पगारावर चाललं. अजूनही बरंचसं तिच्याच पगारावर चालतं. मी विमा कंपन्यांच्या आणि कोर्टाच्या कागदपत्रांचं भाषांतर करतो.

दिवाळीच्या सुमाराला अमेरिका आणि तुर्कस्तानची पुन्हा बोलणी सुरू झाल्याच्या बातम्या आल्या. अजितचा फोन आला. "ते एवढालं देश मिटवून घेत्यात, आपण कोण लागून गेलो? परत ये. पान तुझंच."

"आणि नाव?"

"नावाचं बघू की हळूहळू."

मी नको म्हणालो. आवाज चढला नाही. तो अजूनही कधी रस्त्यात भेटला तर बोलतो, मीही बोलतो. चहा घ्यायला बोलावतो, मी जात नाही.

राग मला आजही येत नाही. त्याची वाट बघणं मी सोडून दिलं आहे. 'नाही' म्हणायला राग लागतोच असं नाही. माझ्या नावाशिवाय माझं एक वाक्यही आता कुणाला मिळणार नाही. एप्रिल जवळ आला की कुठल्या ना कुठल्या दैनिकाचा माणूस लेख मागायला घरी येतो. मी त्याला बसवतो, पाणी देतो आणि विचारतो, मे महिन्यात माझं काय छापणार? तो घुटमळला तर मी उठून दार उघडतो.