कापूस न उडवणारी भाषा

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. लिहिण्याचं धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण ही आठवण मला पक्की ठाऊक आहे.

परवा वसतिगृहात नवी गादी आली. तिला सरकीचा वास होता, आणि मी मनानं थेट लहानपणात, मेहकरजवळच्या गावी, आत्याच्या कापसाच्या खोलीत पोचलो. वेचलेला कापूस छताला टेकलेला. त्याच्या उतारावर बसून मी आणि आतेबहीण वैशूताई पऱ्यांची भाषा बनवत होतो. ताई बोलताना अडखळायची, प-फ-ब-भ अशा फुंकर सुटणाऱ्या अक्षरांवर तर हमखास. शाळेतली पोरं तिला 'बंद पडलेली एसटी' म्हणायची.

नियम तिचाच होता. कापसाचा पुंजका तळहातावर घेऊन ओठांसमोर धरायचा आणि शब्द बोलायचा. पुंजका उडाला की शब्द बाद, कारण पऱ्या कापसात राहतात, त्यांचं घर उडून जाईल.

मी पाण्याला 'फुंभा' म्हणालो. पुंजका उडाला.

"प... परीचं घर मोडलं बे तुनं," ताई हसली. मग डोळे मिटून म्हणाली, "नोलीमा."

कापूस हलला नाही, आणि तीही अडली नाही.

तेव्हा तो मला खेळ वाटला. आज कळतं, ताई स्वतःला बोलता येईल अशी भाषा घडवत होती.

गेल्या आठवड्यात तिची शिक्षिकेच्या नोकरीची मुलाखत होती. मुलांसमोर पाठ घ्यायचा होता. मी रोज निरोपाची वाट पाहत होतो. आज आत्याचा फोन आला.

"ताईले शाळेवर घेतलं रे बाबू. मधात अडखळली, पन पाठ पुरा केला तिनं."